पाठमोरी स्क्रीन

आठल्येसरांच्या पडवीत स्क्रीन ठेवायची एक रीत होती. लाकडी चौकटीवर ताणून बसवलेली बारीक जाळी आणि त्या जाळीवर उठवलेलं चित्र, याला छपाईवाले स्क्रीन म्हणतात. काम चालू असेल तोवर ती भिंतीला टेकून उभी असायची आणि तिचं तोंड माणसांकडे असायचं. काम संपलं, पुन्हा लागायचं नाही असं ठरलं, की तिचं तोंड भिंतीकडे करायचं. पाठमोरी स्क्रीन म्हणजे धुवायची स्क्रीन. त्यात विचारायचं-सांगायचं काही नाही. ज्याचे हात मोकळे असतील त्याने ती उचलावी, मागील दारी विहिरीवर न्यावी आणि जाळी कोरी करून आणावी.

ही रीत सरांनीच घातली होती. आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवून ते अठ्ठ्याण्णव साली निवृत्त झाले आणि महिनाभरात कंटाळले. मग पडवीत दोन टेबलं टाकून त्यांनी स्क्रीन प्रिंटिंग सुरू केलं. लग्नपत्रिका, दुकानांच्या पिशव्या आणि माघ सरला की आंब्याच्या पुठ्ठ्याच्या पेट्या. मुलगी मनस्विनी तेव्हा कॉलेजात होती. बी.कॉम. झाल्यावर तीही बापाच्या हाताखाली उभी राहिली.

स्क्रीन धुणं हे सरांचं आवडतं काम. रत्नागिरीतले बाकीचे छपाईवाले ते काम पोऱ्यांवर सोडत, सर मात्र स्वतः करायचे. आधी रॉकेलच्या फडक्याने शाई पुसायची. मग ब्लीचिंग पावडर पाण्यात कालवून जाळीला दोन्ही अंगांनी लावायची आणि थांबायचं. घाई करून घासलं तर जाळी सैल पडते. थोड्या वेळाने चित्राचा थर आपणहून सुटतो, सापाने कात टाकावी तसा. त्यावर पाणी मारलं की चिऱ्याच्या धोंडीवरून हिरवट ओघळ पोफळींच्या आळ्याकडे जाऊ लागे, तो सर पायाने बाजूला वळवायचे. शेवटी ओली जाळी उन्हाकडे धरायची. आळीतली मुलं बघायला जमलेली असत. सर त्यांना विचारायचे, "काय दिसतंय?"

"काही नाही, सर."

"नीट बघा हो. मागच्या कामाची सावली राहिली तर ती पुढच्या कामावर पडते."

मुलं डोळे बारीक करून बघत. कुणाला कोपऱ्यात अर्धा मोदक दिसे, कुणाला 'शुभ' दिसे आणि 'विवाह' दिसत नसे. मग सर पुन्हा न कंटाळता पावडर कालवायला घेत.

न कंटाळणं हा त्यांचा गुणच होता. इतक्या वर्षांच्या मास्तरकीत त्यांनी कुणावर हात उगारला नाही की कुणाचं चित्र वाईट म्हटलं नाही. मूल चित्र घेऊन आलं की ते मन लावून बघायचे, "वा, छान," म्हणायचे आणि कानावरची पेन्सिल काढायचे. "फक्त थोडंसं हं." आणि त्या थोड्याशात वाकडी होडी सरळ व्हायची, लुळी शेळी पायांवर उभी राहायची. मूल खूष, आईबाप खूष. शाळेला बक्षिसंही पुष्कळ मिळाली. परीक्षक एकदा म्हणाले होते म्हणे, तुमच्या शाळेची सगळी मुलं एकाच हाताची दिसतात. सरांनी ते कौतुक समजून घरी येऊन सांगितलं होतं. त्यांची पत्नी मालिनीबाई तेव्हा तांदूळ निवडत होत्या. त्या म्हणाल्या होत्या, "परीक्षक हुशार दिसतात." सरांना त्यात काही वेगळं वाटलं नाही.

मनस्विनी लहानपणी फार चित्रं काढायची. पुढे कमी झाली. सर म्हणत, अभ्यास वाढला.

ही गोष्ट दोन हजार दोनच्या आंब्याची. पाडव्याच्या आधीच्या आठवड्यात वरद आला. पावसच्या रस्त्याला त्याची कलमांची बाग होती. शाळेत तो सरांचाच विद्यार्थी, म्हणून पेट्या छापायला दुसरीकडे कुठे जायचा नाही. त्याच्या पेटीवर पहिल्या वर्षापासून आंब्यावर बसलेला पोपट असायचा आणि तो पोपट सरांनी काढलेला होता.

सर आत चहा सांगायला गेले तसा वरद मनस्विनीला म्हणाला, "या वर्षी तू काढ ना काहीतरी. पोपटाचा आता कंटाळा आला. दर पेटीवर तो आमचाच आंबा खातोय."

"बाबांना सांग तसं."

"मी? मला चित्रातलं काय कळतं सांगण्याएवढं? माझ्या वहीतल्या गाईचे चारही पाय सरांचे होते. शेपूट तेवढं माझं."

मनस्विनी हसली. "आणि मी काढलं, ते तुला नाही आवडलं तर?"

"तर पोपट आहेच. पाडव्याला पहिल्या पेट्या निघायच्यात. आदल्या दिवसापर्यंत दे म्हणजे झालं."

तिने ते मनावर घेतलं. मालिनीबाईंना कळलं, कारण चित्र त्यांचंच होतं. पाटावर बसून त्या आढी लावायच्या. गवताच्या थरावर आंबे, आंब्यांवर पुन्हा गवत, आणि दोन दिवसांनी गवतात हात घालून एकेक आंबा न बघता चाचपायचा. तेवढेच हात मनस्विनीला काढायचे होते. गवतात मनगटापर्यंत बुडालेले, आंब्याला धरलेले दोन हात.

कागदावर काढलं असतं तर कागद घरात कुठे ना कुठे सापडलाच असता आणि सापडला की कानावरची पेन्सिल निघालीच असती. म्हणून तिने कागद टाळला. माळ्यावर बसून सरळ जाळीवरच काढलं. ही पद्धत तिला सरांनीच लहानपणी शिकवली होती. तेलकट काळ्या खडूने जाळीवर चित्र काढायचं, वरून डिंकाचं दाट पाणी फिरवायचं, वाळलं की रॉकेलने पुसायचं. खडू विरघळतो, तेवढीच जाळी मोकळी होते आणि शाई तिथूनच खाली उतरते. आता असं कुणी करत नाही. फोटोच्या पद्धतीपुढे ते मागे पडलं. त्यात एक उणेपण आहे. डिंक पाण्याने निघून जातो आणि मग चित्र दुसरीकडे कुठेच नसतं.

दोन दुपारी तिने त्यात घातल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी स्क्रीन खाली आणली. सर बाजारात गेले होते. बघते तो पिवळी शाई डब्याच्या तळाला गेलेली. दुकान गोखले नाक्यापलीकडे, म्हणजे जाऊन यायला वेळ लागणार, तेवढ्यात बाबा परत येणार. पडवीत स्क्रीन तोंड करून ठेवली तर बघणार, बघितली तर "वा, छान," म्हणणार. तिने ती पोपटाच्या स्क्रीनमागे उभी केली, तोंड भिंतीकडे करून. आंब्याच्या दिवसांत धुवायला फुरसत कुणाला असते? पाठमोऱ्या स्क्रीन एरवी मेपर्यंत तशाच उभ्या असत.

पण सर बाजारातून एका कापडदुकानाच्या पिशव्यांचं काम घेऊन आले आणि त्यांना चौकट कमी पडली.

ब्लीचिंगचे शिंतोडे उडतात म्हणून धुताना ते चष्मा काढून ठेवत. चष्म्याशिवाय त्यांना जाळीवर काहीतरी आहे एवढंच दिसलं, काय आहे ते नाही. पावडर लावायच्या आधी जाळी भिजवावी म्हणून त्यांनी तांब्याभर पाणी ओतलं आणि थर भराभर सुटायला लागला. त्यांना नवल वाटलं. लेप कच्चा राहिला होता वाटतं, असं म्हणत त्यांनी आणखी पाणी घातलं. एवढी सोपी धुलाई त्या वर्षात झाली नव्हती. मग चष्मा लावून त्यांनी नेहमीप्रमाणे जाळी उन्हाकडे धरली.

जाळीवर दोन हातांची करडी सावली होती.

हे कुठलं काम, ते त्यांना आठवेना. ते आठवत असतानाच मनस्विनी शाईचा डबा घेऊन मागील दारात आली आणि थांबली.

"बाबा, ती माझी होती."

"पाठमोरी होती गं."

"हो. मीच ठेवली होती तशी."

"मग? काम झालं होतं ना?"

तिने नाही अशी मान हलवली. सरांना काही उमजेना. पाठमोरी ठेवायची आणि काम व्हायचं होतं म्हणायचं, ही कुठली रीत? त्यांनी विचारलं, "मग पाठमोरी का ठेवलीस?"

मनस्विनीने डबा धोंडीवर ठेवला आणि ती आत गेली. मालिनीबाई दारातच उभ्या होत्या.

"का म्हणून विचारताय?" त्या म्हणाल्या. "तुम्ही बघू नये म्हणून."

वरदने काय सांगितलं होतं, माळ्यावर काय चाललं होतं, ते सगळं मालिनीबाईंनी मग सांगितलं. सर ओली चौकट हातात धरून ऐकत राहिले. पाणी त्यांच्या धोतरावर गळत होतं.

"मला दाखवलं असतं तर मी काय नाही म्हटलं असतं?" ते म्हणाले.

"नाही कशाला म्हणाल? तुम्ही कधी कुणाला नाही म्हटलंय का?"

दुपारी मनस्विनी पिशवी भरून गुहागरला मावशीकडे गेली. रागाने नाही, नीट पाया पडून गेली. "दोन दिवसांत येते," म्हणाली. वरदविषयी बोलली नाही, चित्राविषयी बोलली नाही. सरांनी विचारलंही नाही. पोरीने नाद सोडला, असा त्यांनी अर्थ काढला.

आपल्या हातून काय गेलं हे त्यांना कळत होतं. मुलीने कितीतरी वर्षांनी चित्र काढलं आणि ते आपण तांब्याभर पाण्याने घालवलं. चुकून झालं, हे खरं; पण त्या चुकीने त्यांचा डोळा लागू दिला नाही. सकाळी उठून त्यांनी ती स्क्रीन पुन्हा उन्हात धरली. सावली होतीच. खडूचा तेलकट डाग धाग्यात मुरलेला. बोटं ओळखू येत होती, आंब्याची गोलाई दिसत होती, गवताच्या काड्या तुटक तुटक दिसत होत्या. आणि सरांच्या मनात आलं, चित्र अजून गेलेलं नाही. उचलता येईल. मनू परत यायच्या आत पेट्या तयार असतील आणि तिचं चित्र पाडव्याला बाजारात जाईल.

मालिनीबाईंना त्यांनी सांगितलं नाही. त्या विचारतील, आणि विचारलं की काम लांबतं.

त्यांनी जाळीवर ट्रेसिंग पेपर ठेवला आणि जिथे सावली होती तिथून पेन्सिल नेली. अगदी हळू, अगदी तिच्या रेषेवरून. आपलं काही घालायचं नाही, असं त्यांनी स्वतःला बजावलं होतं. डावा हात नीट उतरला. उजव्या अंगठ्यापाशी सावली पुसट होती, तिथे अंदाजाने रेष जोडली. तेवढं करणं भागच होतं. मग त्यांनी कागद लांब धरून बघितला. हात फार मोठे दिसत होते. आंबा लहान आणि पंजे केवढे, सांधे सुजल्यासारखे, बोटं जाड. मनूला प्रमाण कळत नाही असं कसं होईल? आपणच शिकवलंय तिला. मग त्यांना कारण सापडलं. पाण्याने डाग फुगला असणार. ओल्या जाळीत तेलकट डाग पसरतो, हे त्यांनी किती वेळा पाहिलं होतं. म्हणजे मूळ रेष याहून आत असणार.

त्यांनी रेष आत घेतली. पंजे आवरले, बोटं निमुळती केली, अंगठा जागेवर आणला. हात आंब्याला शोभतील असे झाले. छपाईवाल्याच्या अनुभवाने तिचं खरं चित्र डागाखालून बाहेर काढलं, असंच त्यांना वाटत होतं आणि ते वाटणं खोटं नव्हतं. पेन्सिल कानावर परत ठेवताना त्यांचं मन हलकं झालं होतं.

दुसऱ्या कोऱ्या जाळीवर उन्हाने घट्ट होणारा फोटोचा लेप लावून, वर चित्राचा कागद ठेवून, उन्हात धरून, त्यांनी स्क्रीन तयार केली. वरदला बोलावून नमुना दाखवला. "मनूचं आहे," सर म्हणाले. वरद बघत राहिला. "फारच सुरेख, सर. अगदी शिकलेल्या माणसाचं वाटतं." दिवसभर पेट्या छापल्या. सर एका बाजूने स्क्वीजी, म्हणजे शाई ओढायची रबरी पट्टी, ओढत होते आणि वरदचा गडी शिवा झाकणं उचलून पडवीभर वाळत घालत होता. मालिनीबाई दोन दिवस वेळणेश्वराला अभिषेकाला गेल्या होत्या. तिथून त्या गुहागरला जाऊन मनस्विनीला घेऊनच आल्या. पाडव्याच्या आदल्या संध्याकाळी दोघी एस.टी.तून उतरल्या, तेव्हा वरदचा टेम्पो भरून गेलेला होता. सरांनी एक पेटी मागे ठेवून घेतली होती.

"मनू, हे बघ," ते म्हणाले. शाळेत मुलांना बक्षीस देताना व्हायचा तसा त्यांचा चेहरा झाला होता.

मनस्विनीने पिशवी खाली ठेवली. पिशवीतून कागदाची गुंडाळी बाहेर आलेली होती. तिने पेटी हातात घेतली आणि बराच वेळ बघितली.

"तुझंच आहे," सर म्हणाले. "जाळीवर सावली राहिली होती. त्यावरून उतरवलं. वरदला सांगितलं, मनूचं आहे म्हणून. खूष झाला."

"छान झालंय," ती म्हणाली. मग म्हणाली, "हात कुणाचे आहेत?"

"तुझ्या आईचे. नाही का?"

मालिनीबाई पुढे झाल्या. त्यांनी पेटीवर, छापलेल्या हाताशेजारी, आपला हात ठेवला. जाड बोटं, सुजलेले सांधे, अंगठ्याला जुनी विळीची खूण. इतकी वर्षं त्या हातचं जेवले, पण सरांनी तो असा पाहिलेला नव्हता. पाण्याने काहीसुद्धा फुगलेलं नव्हतं.

"डाग पसरला असेल असं वाटलं मला," सर म्हणाले. आवाज त्यांनाच बारीक वाटला.

"हो, पसरतो कधीकधी," मनस्विनी म्हणाली. तिने पेटी टेबलावर ठेवली. "बाबा, तुम्ही धुतलंत ते चुकून झालं. त्याचं मला काही वाटलं नव्हतं. ठेवण्यात माझीच चूक होती. मी मावशीकडे जाऊन पुन्हा काढलं. या वेळी कागदावर. म्हटलं, तुम्हाला दाखवायचं आणि मगच स्क्रीन करायची. उद्या सकाळपर्यंत थोड्या तरी पेट्या झाल्या असत्या."

सर गुंडाळीकडे बघत होते. "दाखव ना."

"आता कशाला? पेट्या गेल्या की."

"तरी दाखव. मी नुसतं बघीन."

मनस्विनी त्यांच्याकडे बघून हसली. त्या हसण्यात राग असता तर सरांना बरं वाटलं असतं. "तुम्हाला नाही जमायचं, बाबा," ती म्हणाली आणि पिशवी घेऊन आत गेली.

त्या वर्षी वरदच्या पेट्यांचं नाव झालं. मुंबईहून व्यापाऱ्यांचे फोन आले, हात-छाप आंबा हवा म्हणून. लोक मनस्विनीचं कौतुक करायला लागले, की ती साधेपणाने सांगायची, "ते बाबांचं आहे." लोकांना तो विनय वाटायचा. मोसम संपल्यावर सरांनी ती स्क्रीन स्वतः धुतली, अगदी कोरी. पण पुढच्या माघात वरद हजर. तेच चित्र हवं. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा. सरांनी दोनदा सुचवून पाहिलं, बदल आता. वरद म्हणाला, "सर, चालत्या गाडीचं चाक कोण बदलतं?" मग सर पुन्हा लेप लावायचे, पुन्हा स्क्रीन उन्हात धरायचे आणि ते नीटनेटके हात हजारांनी छापायचे. पाठमोरी करायची रीत त्यांनी बंद केली. आता ते प्रत्येक स्क्रीन घेऊन आत जात आणि विचारत, "मनू, ही धुऊ का?" ती म्हणे, "धुवा की." दुसरं उत्तर कधी आलं नाही.

गुहागरचा कागद त्यांनी पुढे कधी पाहिला नाही. एकदा धीर करून विचारलं होतं, "आहे का गं तो अजून?"

"आहे."

"बरं," सर म्हणाले. आयुष्यभर मुलांना विचारलेला प्रश्न होता, दाखव बघू काय काढलंस. तोच आता तोंडातून निघेना.

नंतर मनस्विनीने छपाई हळूहळू कमी केली. आळीतल्या मुलांसाठी शनिवारी दुपारी शाळेच्या एका खोलीत ती चित्रांचा वर्ग घ्यायला लागली. सर एकदा वाचनालयातून परतताना त्या बाजूने आले. खिडकी उघडी होती. उर्वी नावाची एक चिमुरडी पाटीएवढा कागद घेऊन तिच्यासमोर उभी होती. कागदावर बैल होता. निदान शिंगं तरी होती. तीन पाय एकाच बाजूला आणि चौथा कुठे तरी शेपटीशी.

"ताई, याचा पाय चुकला," उर्वी म्हणाली. "तुम्ही नीट काढून द्या ना."

मनस्विनी खाली वाकून बघत होती. तिने दोन्ही हात पाठीमागे धरले होते, एका हाताने दुसऱ्याचं मनगट घट्ट पकडून.

"चालेल का हा बैल असा?" तिने विचारलं.

उर्वीने विचार केला. "लंगडत चालेल."

"मग लंगडा आहे तो. कशाने लंगडा झाला?"

"दगड लागला."

"मग दगड कुठाय?"

उर्वी दगड काढायला पळाली. बाहेर उभ्या सरांना तो पाय कुठे हवा ते दिसत होतं, खांद्यापासून कसा खाली यावा ते दिसत होतं. त्यांच्या चिमटीत पेन्सिल केव्हा आली ते त्यांना कळलं नाही. ती त्यांनी खिशात टाकली. आतून कुणी तरी म्हणालं, "ताई, बाहेर सर आलेत." तेव्हा ते लगबगीने पुढे निघाले, मनस्विनीने वळून बघायच्या आत.